एडिसनची सायकॉलॉजिस्ट, ऑस्टिनची क्लायंट: एका वर्षाचा परवान्याचा हिशेब

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये प्रॅक्टिस करणारी एक सायकॉलॉजिस्ट. डॉक्टरेट झालेली, परवाना फक्त न्यू जर्सीचा. तिच्याकडे दीड वर्षापासून येणारी मराठी घरातली एक मुलगी, वय १९, निदान पॅनिक डिसऑर्डर आणि मध्यम स्वरूपाचं नैराश्य. ऑगस्टमध्ये मुलगी टेक्ससला, ऑस्टिनमध्ये शिकायला निघाली. घट्ट बसलेली थेरपी मध्येच सोडायला ती तयार नव्हती. शिवाय ‘आजीला काय वाटेल’ या तीन शब्दांत किती ओझं असतं ते फोड करून सांगावं न लागणारी थेरपिस्ट तिकडे मिळण्याची खात्री नव्हती. आईने विचारलं, “मॅडम, व्हिडिओवर चालू ठेवाल ना?”

प्रकरण अभ्यासासाठी जुळवलेलं आहे. यातली माणसं कुणी खरी नाहीत, नियम मात्र खरे आहेत.

वर्षाचं वेळापत्रक कागदावर मांडलं तेव्हा ‘व्हिडिओवर चालू ठेवणं’ ही एक गोष्ट नसून पाच गोष्टी आहेत हे दिसलं. ऑगस्ट ते मे ऑस्टिन. थँक्सगिव्हिंगला घरी एडिसनला, पण त्यातले दोन दिवस मॅनहॅटनमध्ये मावसबहिणीकडे. डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला आजीकडे. आणि उन्हाळ्यात दहा आठवडे कॅलिफोर्नियात, सॅन होजेला इंटर्नशिप. क्लायंट एक, सायकॉलॉजिस्ट एक आणि कायदे पाच ठिकाणचे.

क्लायंट कुठे बसली आहे

अमेरिकेत परवाना देश देत नाही, राज्य देतं. आणि व्हिडिओवरच्या सेशनच्या बाबतीत राज्यांचा सर्वसाधारण पवित्रा असा की, सेवा घडते ती क्लायंट त्या क्षणी जिथे बसलेली असते तिथे. तिचा कायमचा पत्ता, ड्रायव्हिंग लायसन्स, विमा कुठल्या राज्यातला, बिल कोण भरतं, याने काही ठरत नाही. ‘ती तर आमचीच न्यू जर्सीची आहे’ हा युक्तिवाद टेक्ससच्या बोर्डापुढे, म्हणजे तिथे परवाने देणाऱ्या मंडळापुढे, टिकत नाही, कारण त्या बोर्डाचं काम टेक्ससमध्ये बसलेल्या माणसाचं संरक्षण हे आहे.

कोविडच्या काळात बऱ्याच राज्यांनी तात्पुरत्या सवलती दिल्या आणि त्यातून एक पिढीभर गैरसमज तयार झाला की ऑनलाइनला सीमा नसते. त्या सवलती एकेक करून संपल्या. केंद्राची सार्वजनिक आरोग्य आणीबाणी ११ मे २०२३ला उठली. पण राज्यांच्या सवलती आपापल्या तारखांना, बऱ्याच ठिकाणी त्याआधीच, संपल्या होत्या. तेव्हाची सवय अजून अनेकांच्या अंगात आहे.

टेक्ससचा रस्ता: साय-पॅक्ट

इथे उपयोगी पडतो तो सायकॉलॉजिस्टांसाठीचा आंतरराज्य करार, साय-पॅक्ट. राज्यांच्या सायकॉलॉजी बोर्डांची जी संघटना आहे, एएसपीपीबी, तिने त्याचा मसुदा २०१५मध्ये पुढे आणला. ॲरिझोनाने तो पहिल्यांदा कायदा म्हणून मंजूर केला. सात राज्यं झाल्याशिवाय करार लागू होणार नव्हता. सातवं जॉर्जिया, एप्रिल २०१९. प्रत्यक्ष काम सुरू झालं २०२०च्या जुलैत, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. टेक्सस २०१९मध्ये आलं, न्यू जर्सी २०२१मध्ये. आता सदस्य ४०हून अधिक आहेत. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क मात्र बाहेर. दोन्ही राज्यांत मराठी वस्ती भरपूर असल्यामुळे आपल्याकडच्या प्रकरणांत घोडं नेमकं तिथेच अडतं.

करारात दोन वेगवेगळ्या परवानग्या आहेत आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. दूरस्थ सेवेसाठी लागते ती ‘एपीआयटी’. समोरासमोर बसून काम करायचं असेल तर ‘टॅप’; ती एका राज्यात वर्षाला ३० दिवसांपुरती. आपल्या प्रकरणात एपीआयटी पुरेशी आहे. उद्या या सायकॉलॉजिस्टला ऑस्टिनला जाऊन मुलीची समोरासमोर चाचणी घ्यायची झाली, तर एपीआयटी दाखवून भागणार नाही. त्यासाठी आयपीसी नावाचं वेगळं प्रमाणपत्र आणि मग टॅप.

एपीआयटी मिळायला आधी एएसपीपीबीचा ‘ई-पासपोर्ट’ हातात हवा. क्रम उलटा चालत नाही. अटी थोडक्यात अशा: सायकॉलॉजीतली डॉक्टरेट, सदस्य राज्याचा पूर्ण आणि निर्बंध नसलेला परवाना, ईपीपीपी या राष्ट्रीय परीक्षेत उत्तीर्ण (मोजपट्टीवर ५००), आणि कुठल्याही राज्यात परवान्यावर शिस्तभंगाची कारवाई झालेली नसणं. शेवटची अट वाटते त्यापेक्षा कडक आहे. जुनी आणि किरकोळ वाटणारी कारवाईसुद्धा इथे आडवी येते.

पहिल्या वेळचा खर्च ई-पासपोर्टचे ४०० डॉलर आणि एपीआयटीचे ४० डॉलर. अर्ज ऑनलाइन भरायला तास-दीड तास पुरतो. वेळ जातो तो कागद यायला. विद्यापीठाची गुणपत्रिका विद्यापीठाकडूनच थेट जावी लागते, परवान्याची पडताळणी बोर्डाकडून. स्वतः स्कॅन करून जोडलेली प्रत चालत नाही. मराठी नावांच्या बाबतीत हमखास पाचर बसते ती इथे: डॉक्टरेट माहेरच्या नावावर, परवाना सासरच्या नावावर, परीक्षेचा निकाल वडिलांचं नाव मध्ये घालून. नावबदलाचा पुरावा पहिल्याच दिवशी अर्जाला जोडला नाही तर फाइल पडून राहते, आणि आपल्याला वाटतं कार्यालय झोपलं आहे.

या प्रकरणात सायकॉलॉजिस्टने मे महिन्यात अर्ज केला म्हणून ऑगस्टच्या मध्यापर्यंत एपीआयटी हातात आली. मुलीने जुलैच्या शेवटी सांगितलं असतं तर पहिले काही आठवडे रिकामे गेले असते, आणि नवं शहर, नवी रूममेट, पहिली परीक्षा हे सगळं नेमकं त्याच आठवड्यांत असतं. कॉलेजची निवड ठरली की त्याच सेशनमध्ये परवान्याचा विषय काढायचा, तो यासाठी.

भारतातून एम.ए. किंवा क्लिनिकल सायकॉलॉजीतली दोन वर्षांची एम.फिल. करून अमेरिकेत आलेल्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. या करारात ती पदवी बसत नाही. एम.फिल. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा दर्जा देते, पण हा करार डॉक्टरेटवाल्यांसाठी आहे. मास्टर्सवर परवाना घेतलेल्या समुपदेशकांचा करार वेगळा, सोशल वर्करांचा त्याहून वेगळा.

आणि सायकॉलॉजिस्ट कुठे बसली आहे

सप्टेंबरात पहिली चूक घडली ती क्लायंटकडून नाही. लेबर डेच्या सुट्टीला सायकॉलॉजिस्ट कुटुंबासह पेनसिल्वेनियात, पोकोनोजच्या डोंगरात केबिन घेऊन राहिली होती. मंगळवारी संध्याकाळी सातचं सेशन. पेनसिल्वेनिया साय-पॅक्टचं सदस्य, टेक्सस सदस्य, एपीआयटी हातात. तिने लॅपटॉप उघडला आणि सेशन घेतलं.

हे चालत नाही. एपीआयटीचा अर्थ ‘सदस्य राज्यांत कुठूनही कुठेही’ असा नाही. सेवा सुरू होते गृहराज्यातून, म्हणजे जिथला परवाना तुमच्याकडे आहे आणि जिथे तुम्ही त्या वेळी शरीराने हजर आहात तिथून. या बाईंकडे पेनसिल्वेनियाचा परवाना नाही, त्यामुळे केबिनमध्ये बसल्यावर त्यांना गृहराज्यच उरलं नाही. क्लायंटचं राज्य बरोबर होतं, डॉक्टरचं चुकलं. हीच मेख मॅनहॅटनमध्ये राहून न्यू जर्सीच्या परवान्यावर काम करणाऱ्यांना सगळ्यात जास्त बोचते. ऑफिस जर्सी सिटीत असेल तर ऑफिसमधून घेतलेलं सेशन नियमात, त्याच दिवशी रात्री हडसन ओलांडून घरून घेतलेलं नियमाबाहेर.

चूक लक्षात आल्यावर काय केलं ते महत्त्वाचं. तिने नोंदीत सेशनच्या वेळचं स्वतःचं ठिकाण जसं होतं तसं लिहिलं, मागची तारीख घालून काही बदललं नाही, आणि व्यावसायिक विमा कंपनीच्या जोखीम सल्लावाहिनीला फोन केला. पुढच्या सुट्ट्यांची सेशनं आधीच हलवून ठेवली. नोंद ‘नीट’ करण्याचा मोह अशा वेळी होतो. मूळ चुकीपेक्षा तीच फेरफार महागात पडते.

यानंतर प्रत्येक सेशनची सुरुवात ठरून गेली:

“आत्ता कुठे बसली आहेस?”
“रूमवर.”
“ऑस्टिनच्याच ना? पत्ता तोच?”
“हो, तोच. रूममेट लायब्ररीत आहे, दार लावलंय.”

नोंदीत एक ओळ: क्लायंट ऑस्टिन, टेक्सस, वसतिगृहाची खोली, एकटी, सायकॉलॉजिस्ट एडिसन, न्यू जर्सी, ऑफिस, दोन्हीकडच्या वेळा (ऑस्टिन एक तास मागे). वीस सेकंदांचं काम. मुलीला आधी हसू आलं. मग सवय झाली.

बोगद्यातलं सेशन

थँक्सगिव्हिंगच्या आधीचा बुधवार. मुलगी एडिसनला आली होती, त्यामुळे साय-पॅक्टचा प्रश्नच नाही, न्यू जर्सीचा साधा परवाना पुरे. पण सेशनच्या वेळी ती एडिसन स्टेशनवरून मॅनहॅटनकडे जाणाऱ्या गाडीत होती, कानात इअरफोन. “नेवार्क गेलं आत्ताच.” सिकॉकसनंतर गाडी हडसनखालच्या बोगद्यात शिरते आणि पलीकडे न्यूयॉर्क निघतं. सेशन न्यू जर्सीत सुरू होऊन न्यूयॉर्कात संपणार होतं. न्यूयॉर्क करारात नाही.

तिथे परक्या राज्यातल्या परवानाधारकाला थोडी सूट आहे: कुठल्याही ९० दिवसांत सलग १० कामाचे दिवस, किंवा एकूण १५. अटींसकट. हे आपल्याला लागू होतं का, हे आधी वाचून ठेवायची गोष्ट आहे. गाडी बोगद्याकडे निघाल्यावर फोनवर शोधायची नव्हे. सायकॉलॉजिस्टने सेशन तिथेच थांबवलं आणि शुक्रवारची वेळ दिली, एडिसनच्या घरून. खरं तर गाडीतलं सेशन परवान्याचा प्रश्न नसतानाही थांबवायलाच हवं होतं. शेजारच्या सीटवरचा माणूस ऐकत असताना पॅनिक अटॅकबद्दल काय बोलणार?

संकटाच्या रात्रीचा कागद

हा भाग बहुतेक जण संमतिपत्रात एका वाक्यात उरकतात. आमच्या मते अख्ख्या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा.

एडिसनमधून ९११ हा आणीबाणीचा नंबर लावला तर फोन एडिसनजवळच्या केंद्रात जातो, ऑस्टिनला नाही. तिथल्या माणसाला टेक्ससच्या वसतिगृहात पोलिस पाठवता येत नाहीत. त्याला आधी बरोबर केंद्र शोधावं लागतं. म्हणून ऑगस्टच्या पहिल्या सेशनमध्येच तीन थेट, दहा आकडी नंबर लिहून घ्यायचे: विद्यापीठाच्या पोलिसांचा, ऑस्टिन पोलिसांचा, आणि वसतिगृहाच्या रात्रपाळीच्या अधिकाऱ्याचा. शिवाय इमारतीचं नाव आणि खोली क्रमांक, कारण नुसत्या रस्त्याच्या पत्त्यावर पोलिस चारशे खोल्यांच्या इमारतीसमोर येऊन उभे राहतात.

९८८ या संकटवाहिनीचंही असंच. ती जुलै २०२२ला सुरू झाली तेव्हा फोन मोबाइलच्या एरिया कोडवरून वळवला जायचा. ऑस्टिनमध्ये बसलेल्या न्यू जर्सीच्या नंबरला न्यू जर्सीचं केंद्र लागायचं. २०२४पासून मोबाइल कंपन्यांनी जागेनुसार कॉल वळवायला सुरुवात केली. तरी मुलीला सांगून ठेवायचं: फोन लागला की पहिल्या वाक्यात शहर सांग.

आता कायदा. क्लायंटने कुणाला इजा करण्याची गंभीर धमकी बोलून दाखवली तर थेरपिस्टने काय करायचं? कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६मध्ये तारासॉफ खटल्यात थेरपिस्टवर संभाव्य बळीच्या संरक्षणाचं कर्तव्य टाकलं, आणि अभ्यासक्रमात सगळे तेच शिकतात. न्यू जर्सीत हे कर्तव्य कायद्यानेच लिहिलेलं आहे. टेक्ससमध्ये नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९च्या थापर विरुद्ध झेझुल्का खटल्यात असं कर्तव्य मानायला नकार दिला. टेक्ससचा कायदा गोपनीयता मोडायची मुभा देतो, सक्ती करत नाही. आणि मुभा आहे ती वैद्यकीय किंवा पोलिस यंत्रणेला सांगण्याची. संभाव्य बळीला थेट फोन करणं त्या मुभेत येत नाही.

एपीआयटीवर काम करताना क्लायंटच्या राज्याचे नियम लागू होतात, आणि तुमचा परवाना मात्र घरच्या बोर्डाच्या हातात असतो. दोन कायदे दोन बाजूंना ओढत असतील तर दोन्हींत बसणारी वाट शोधायची. इथे ती आहे: पोलिस. न्यू जर्सीचं कर्तव्य पोलिसांना कळवून पार पाडता येतं आणि टेक्ससच्या मुभेतही पोलिस बसतात. एडिसनच्या सवयीने बळीला फोन फिरवला तर टेक्ससमध्ये अडचण. टेक्ससची मुभा म्हणून गप्प बसलं तर न्यू जर्सीचा बोर्ड विचारणार. हे आधी बसून लिहून ठेवलं म्हणून सुचलं. रात्री साडेदहाला सुचत नाही.

या वर्षात तशी धमकी आली नाही. आली ती नोव्हेंबरातली एक रात्र, स्वतःला संपवण्याच्या विचारांची. नंबर समोर होते, खोली क्रमांक होता, वसतिगृहाची अधिकारी आठ मिनिटांत दारात पोचली.

पुणे

साय-पॅक्ट अमेरिकेच्या बाहेर एक पाऊलही जात नाही. मुलगी कोथरूडमध्ये आजीच्या खोलीत बसली की न्यू जर्सीचा परवाना आणि एपीआयटी दोन्ही कपाटात. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी १९९२च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, आणि २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याची व्याख्याही त्याच पात्रतेवर उभी आहे. ‘भारतात कोण विचारतंय’ हे उत्तर आम्ही अनेकदा ऐकतो. विचारणारा भारतात नसेलही; अमेरिकेतली विमा पॉलिसी विचारते. परदेशात बसलेल्या क्लायंटला दिलेली सेवा पॉलिसीत धरली आहे का, हे वाचल्याशिवाय तीन आठवडे सोडा, तीन मिनिटांचंही सेशन घेऊ नये.

इथे ठरलं ते असं: सेशन बंद. जाण्याआधी दोन जादा सेशनं, औषधं महिनाभराची सोबत, सुरक्षितता योजनेत भारतातली मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली-मानस (१४४१६) आणि आणीबाणीचा ११२. आजीला नाही, मामाला विश्वासात घ्यायचं, हे मुलीनेच ठरवलं. वेळ बदलायची असेल तर एक ओळीचा निरोप चालेल. ‘आज खूप वाईट वाटतंय’ या निरोपाला थेरपी म्हणून उत्तर मिळणार नाही, हे तिला लेखी दिलं. डिसेंबरात पुणे एडिसनच्या साडेदहा तास पुढे असतं. तिच्या सकाळचा निरोप इथे मध्यरात्री पडतो, तेही त्यात लिहिलं.

कॅलिफोर्निया

दहा आठवडे सॅन होजे. कॅलिफोर्निया करारात नाही, पण तिथल्या कायद्यात (बिझनेस अँड प्रोफेशन्स कोड, कलम २९१२) दुसऱ्या राज्यातल्या डॉक्टरेट सायकॉलॉजिस्टला कॅलेंडर वर्षात ३० दिवसांपर्यंत सेवा देण्याची सूट आहे. आठवड्याला एक सेशन म्हणजे दहा दिवस, मग प्रश्नच मिटला, असं पटकन वाटतं. पण दिवस सेशनचे धरायचे की पहिल्या सेशनपासून सलग मोजायचे, याने सगळं बदलतं: सलग मोजले तर जूनमध्ये सुरू केलेलं जुलैच्या सुरुवातीला संपतं. असा प्रश्न फेसबुक ग्रुपवर विचारायचा नाही. तो बोर्डाला ईमेलने विचारायचा, उत्तर फाइलला लावायचं, आणि उत्तर येईपर्यंत अरुंद अर्थ धरून चालायचं.

म्हणून योजना अशी: पहिले चार आठवडे एडिसनमधून, त्यातच कॅलिफोर्नियाचा परवाना असलेल्या थेरपिस्टची ओळख, पाचव्या आठवड्यापासून हस्तांतर. मुलीची लेखी संमती घेऊन दोन पानी सारांश पाठवला. तारखांचा तक्ता वेगळा ठेवला, कारण पुढच्या डिसेंबरात ती कंपनीच्या कामासाठी परत तिकडे गेली तर ते दिवस त्याच ३० दिवसांतून वजा होतात.

बिल

मुलगी वडिलांच्या न्यू जर्सीतल्या नोकरीच्या विम्यावर आहे. वयाच्या २६ वर्षांपर्यंत राहू शकते. दाव्यात सेवास्थळाचा कोड १० (क्लायंटचं घर, वसतिगृहाची खोली त्यात धरली), आणि सेवा व्हिडिओवर दिली हे सांगणारा मॉडिफायर ९५. पहिला दावा परत आला: ‘देणाऱ्याचा टेक्ससचा परवाना आढळत नाही.’ एपीआयटी क्रमांक आणि साय-पॅक्टच्या जाहीर यादीतल्या नोंदीची प्रत जोडून फेरविचार मागितला, तेव्हा पैसे आले. काही विमा कंपन्यांच्या करारात एपीआयटी धरतच नाहीत. त्यामुळे पहिल्या सेशनआधी फोन करून, बोलणाऱ्याचं नाव आणि संदर्भ क्रमांक लिहून घ्यावा.

आणि विम्याचा हिशेबाचा कागद जातो पॉलिसीधारकाकडे, म्हणजे बाबांकडे. तारखा दिसतात. नोव्हेंबरात एका आठवड्यात तीन सेशनं पाहून त्यांनी फोन केला: “मॅडम, पैसे मी भरतो. एवढं तरी सांगा, काय झालंय?” मुलगी १९ वर्षांची. न्यू जर्सीत आणि टेक्ससमध्येही ती सज्ञान. तिच्या लेखी परवानगीशिवाय ती आपल्याकडे येते हेसुद्धा कबूल करता येत नाही, कागद त्यांच्या हातात असला तरी. उत्तर इतकंच: “काका, तुम्ही तिलाच विचारा. तिने लिहून दिलं तर मी नक्की बोलेन.” त्या रविवारी तिने फॉर्मवर सही केली, पण फक्त तारखा आणि बिलांपुरती.

ई-पासपोर्टचं नूतनीकरण दर वर्षी येतं: १०० डॉलर, एपीआयटीचे २०, आणि तंत्रज्ञानाच्या वापरावरचं तीन तासांचं शिक्षण. न्यू जर्सीच्या परवान्याची तारीख वेगळी. घरचा परवाना एक दिवस जरी लटकला तरी त्यावर टांगलेली एपीआयटी त्या दिवशी चालत नाही, म्हणून दोन्ही तारखा तिने एकाच भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल शाईने लिहिल्या आहेत.